आता आमचंही कार्ड सोनेरी

श्रीयुत साडूभाऊ यांच्या सेवेशी,

धाकट्या साडूचा कमरेतून वाकून नमस्कार. (कमरेतून वाकता येतं, हे मुद्दाम कळवतो. गेल्या भेटीत तुम्ही माझ्या पोटाकडे पाहून काहीतरी पुटपुटला होतात.) आम्ही इकडे ठणठणीत आहोत. तुमचा रक्तदाब, तुमची जेवणानंतरची जळजळ आणि खांद्यातून निघून मानेकडे जाणारी ती कळ, या सगळ्यांची खुशाली दर मंगळवारी दोघी बहिणींच्या फोनवरून आमच्यापर्यंत पोचते. कळ आता मानेत मुक्कामाला आली असं ऐकलं. जपा. मान फार ताठ ठेवणाऱ्यांना हा त्रास व्हायचाच, असं आमच्या कारखान्यातले डॉक्टर म्हणतात. मी म्हणत नाही.

तेरा महिने आपलं थेट बोलणं झालेलं नाही, ते निव्वळ माझ्या कामाच्या व्यापामुळे. मनात धरून बसावं असं काही घडलंच नव्हतं. धाकट्या मेव्हण्याच्या लग्नात जेवणाच्या टेबलावर तुम्ही पाकिटातून विमान कंपनीचं सोनेरी कार्ड काढलंत, पाण्याच्या जगला टेकवून सगळ्यांना दिसेल असं उभं केलंत आणि मला म्हणालात, "तुम्हीही फिरता म्हणे विमानानं. तुमचं कुठलं?" मी सरळ मनाने माझं निळं कार्ड काढून दिलं. तुम्ही ते दोन बोटांत धरून उलटसुलट पाहिलंत आणि म्हणालात, "अहो, हे तर मागेल त्याला देतात!" आणि हसलात. मग सासरे हसले, नवरदेव हसला, आणि ज्याचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता तो वाढणारा माणूसही पळी हातात धरून हसला. मी ते त्याच क्षणी विसरलो. तारीख सतरा होती, टेबल दारापासून दुसरं होतं आणि तुमच्या शर्टाचं वरून तिसरं बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने शिवलेलं होतं, एवढंच काय ते पुसट आठवतं.

तर पत्रास कारण की, आता आमचंही कार्ड सोनेरी झालं आहे. शेजारी ठेवून पाहिलं तर रंगात फरक सापडणार नाही. उलट आमचं किंचित जास्त चमकतं, असं आमच्या वॉचमनचं मत पडलं. (मी विचारलं नव्हतं. म्हणजे, तसं विचारलं होतं.)

आणि हे सगळं मी स्वतःच्या मिरवण्यासाठी केलेलं नाही, हे आधी लिहितो, म्हणजे गैरसमज नको. लग्नाहून परत येताना आगगाडीत ही गप्प होती. दीड दिवसाचा प्रवास, त्यात ही गप्प. शेवटी म्हणाली, आता अक्काची भेट कधी, कुणास ठाऊक. मी तिथल्या तिथे शब्द दिला की, वर्षभरात तुला विमानाने अक्कांकडे पाठवतो, एक पैसा न देता, माझ्या पॉइंटांवर. ही आजवर विमानात बसलेली नाही. मी महिन्यातून दोनदा उडतो आणि बायको सत्तावीस वर्षं जमिनीवर, हे बरं दिसत नाही, हे तुम्हीही मान्य कराल. आता वीस तारखेला अक्कांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आहे आणि हिला अठराच्या आत तिथे पोचायचं आहे, पंधरा दिवस बहिणीच्या उशाशी बसायला. बॅग भरून पलंगाखाली ठेवली आहे. चष्म्याच्या दुकानात, जिथे ही सकाळपाळीला लोकांचे नंबर तपासते, तिथे रजाही सांगितली आहे. थोडक्यात, माझा शब्द आता पलंगाखाली बॅग होऊन बसला आहे. पण काळजी नसावी. कार्ड सोनेरी आहे.

हे कार्ड कसं मिळवलं ते सविस्तर सांगतो, कारण तुम्हाला यातली मेहनत माहीत असण्याचं कारण नाही. तुम्ही सभागृहांना खुर्च्या विकता. खुर्ची एकदा जमिनीला ठोकली की वीस वर्षं तुमच्याकडे ढुंकून पाहत नाही. आमचं तसं नाही. बाटल्या भरून झाकणं लावणारी आमची मशीनं एकवीस कारखान्यांत आहेत आणि त्यातलं कुठलं ना कुठलं दर महिन्याला रुसतं. तिकडे पट्टा थांबला की इकडे माझी हत्यारांची पेटी निघते. एवढं उडूनही माझ्याकडे मागेल त्याला देतात ते कार्ड का, हा प्रश्न मी लग्नानंतरच्या सोमवारीच हाती घेतला. एक दोनशे पानी वही आणली, तिच्यात तीन रकाने आखले आणि तीन कंपन्यांच्या योजनांचा तौलनिक अभ्यास सुरू केला. कंपन्यांची नावं मी लिहीत नाही, उगाच कुणाची जाहिरात नको. शेपटीच्या रंगावरून ओळखा.

पहिली निळ्या शेपटीची. हिच्यात पॉइंट अंतरावर मिळतात. जितकं लांब जाल तितके जास्त. ऐकायला न्याय्य वाटतं, पण आमची मशीनं एका तासाच्या पलीकडे कुणी विकतच घेतलेली नाहीत. विक्री विभागाला मी याबद्दल लेखी विचारलं. (उत्तर आलं नाही.) शिवाय तिकिटावर कोपऱ्यात ते किती स्वस्त आहे ते सांगणारं एक अक्षर असतं, तुम्ही पाहिलंही नसेल. आमच्या ऑफिसात तिकिटं काढणाऱ्या बाई ज्या अक्षराचं तिकीट काढतात, त्याला पाव पॉइंट मिळतात. पाव पॉइंट! अकरा फेऱ्या झाल्यावर मी खातं उघडून पाहिलं तर त्यात एवढेच पॉइंट होते की त्यांच्यात एक गळ्यात घालायची उशी आली असती, तीही हवा आपणच भरायची.

दुसरी पिवळ्या शेपटीची, म्हणजे तुमची. हिच्यात पॉइंट तिकिटाच्या दामावर मिळतात. महाग तिकीट काढा, ढीगभर पॉइंट घ्या. आता राग मानू नका, पण यात तुमचं कर्तृत्व काय, हे मला वहीत कुठे लिहावं ते कळेना. खुर्च्यांची कंपनी महागडी तिकिटं काढते, तुम्ही त्यांवर बसता, कार्ड सोनेरी होतं. आयत्या बिळावर नागोबा, असं आमच्याकडचा फोरमन म्हणाला. मी त्याला दटावलं, पण रकान्यात शेवटी तेच लिहिलं, कारण दुसरे शब्द सुचले नाहीत.

तिसरी पट्ट्यापट्ट्यांच्या शेपटीची, आणि हिला मी मानतो. हिच्यात अंतर पाहत नाहीत, दाम पाहत नाहीत. फक्त किती वेळा उडालात ते मोजतात. वर्षात चाळीस उड्डाणं केली की सोनेरी. राजा असो वा रंक, चाळीस म्हणजे चाळीस. कष्टाला मान देणारी अशी योजना दुसरी नाही. आणि इथेच, साडूभाऊ, अभ्यास कामी येतो. सरळ गेलं तर एक उड्डाण; पण मध्ये कुठेतरी उतरून दुसरं विमान पकडलं तर दोन! जाता-येता मिळून चार! मी त्याच दिवशी तिकिटांच्या बाईंना विनंती केली की, यापुढे माझी तिकिटं मध्ये थांबा घेऊन काढावीत. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला, कारण ती तिकिटं स्वस्त पडत होती. महिन्याच्या बैठकीत साहेबांनी माझं उदाहरण दिलं की, कंपनीच्या हितासाठी स्वतःची गैरसोय करून घेणारी अशी माणसं आता दुर्मिळ आहेत. टाळ्या झाल्या. मी खाली मान घालून उभा राहिलो. गैरसोय होती हे खरंच होतं. जिथे पन्नास मिनिटांत पोचायचो तिथे पोचायला साडेपाच तास लागू लागले, आणि पोचेपर्यंत मशीन अर्ध्या वेळा आपलं आपणच सुरू झालेलं असायचं. माझ्या पायगुणाची चर्चा होऊ लागली ती तेव्हापासून.

पण घोडं पेंड खातं ते शेवटाला. वर्ष संपायला नऊ दिवस उरले, उड्डाणं झाली अडतीस, आणि एकवीसच्या एकवीस मशीनं गुणी मुलांसारखी चालू! एरवी साधू-संत येती घरा अशा थाटात माझी वाट पाहणाऱ्या कारखान्यांना मी रोज सकाळी आपणहून फोन करू लागलो. पट्टा कसा आहे? झाकणं नीट बसतात ना? आवाज वगैरे? खोकल्याच्या औषधाच्या कारखान्यातले सुपरवायझर तर शेवटी वैतागून म्हणाले, "साहेब, चालू आहे. चालू द्या ना." पण मी धरून बसलो की, बिघाड होण्याआधी तपासणी करणं हाच खरा शहाणपणा. वर्षअखेरीच्या गर्दीत थांब्याची तिकिटं मिळाली नाहीत, म्हणून सरळच गेलो. (एकोणचाळीस.) मशीन उघडलं, सगळं उत्तम होतं, पण एवढ्या लांब आलोच आहे तर दोन थेंब तेल घालावं म्हणून घातलं, आणि बंद केलं. त्यानंतर त्या मशीनने एकही झाकण सरळ बसवलं नाही. सगळी तिरपी, एका अंगाला कललेली, जणू बाटल्या मान वाकडी करून माझ्याकडेच पाहताहेत. दोन दिवस मी तिथे होतो. सुपरवायझरनी तेलाचा डबा कपाटात ठेवून किल्ली खिशात घातली. तिसऱ्या दिवशी मशीन रुळावर आलं आणि मी परतीच्या विमानात बसलो. (चाळीस!) शेजारच्या गृहस्थांना सांगितलं. त्यांनी अभिनंदन केलं आणि कानात बोळे घातले.

पंधरा दिवसांनी कार्ड घरी आलं. काय सांगू! पाकीट जाड, आत मखमलीसारखा कागद, त्यात खोबणीत बसवलेलं कार्ड आणि सोबत बारीक अक्षरांचं घडी घातलेलं पत्रक. (ते सवडीने वाचायचं म्हणून ड्रॉवरमध्ये टाकलं.) कार्डावर माझं संपूर्ण नाव, मधल्या नावासकट. हिने ते हातात घेतलं, खिडकीपाशी नेऊन पाहिलं, पदराने पुसलं आणि म्हणाली, छान आहे हो. साडूभाऊ, आम्ही कामावर काळे हात करणारी माणसं. कुणी आमचं नाव सोन्याच्या अक्षरांत छापून घरी पाठवावं, असं आयुष्यात पहिल्यांदा घडलं. मला भरून आलं, हे तुमच्यापासून लपवत नाही. माझे वडील असते तर त्यांना दाखवलं असतं.

आता लाउंजबद्दल, म्हणजे विमानतळावरच्या कार्डवाल्यांच्या खास दालनाबद्दल. तुम्ही जाताच म्हणा, पण मी पहिल्यांदा गेलो ते सांगतो. दारावरच्या मुलीने कार्ड पाहिलं, माझं नाव घेऊन नमस्कार केला आणि म्हणाली, कुठेही बसा सर. कुठेही! विमानतळावर मला आजवर कुणी असं म्हटलेलं नाही. तिकडे खुर्चीवर बसलो तर शेजारी कुणाची तरी बॅग बसलेली असते. मी चार ठिकाणी बसून पाहिलं. (खुर्च्या चांगल्या आहेत, पण तुमच्या कंपनीच्या नसाव्यात, एकही करकरली नाही.) सूप घेतलं. दुसऱ्यांदा घेतलं. तिसऱ्यांदा घ्यायला गेलो तेव्हा वाढणाऱ्याने वाडगा आपणहून मोठा दिला. मग कोपऱ्यातल्या मऊ कोचावर टेकलो आणि म्हटलं, विमानाची घोषणा होईलच, तोवर पाच मिनिटं डोळे मिटावेत. जाग आली तेव्हा विमान गेलेलं होतं. भिंतीवर पाटी होती की, पाहुण्यांच्या शांततेसाठी येथे घोषणा ऐकवल्या जात नाहीत. बाहेर, सामान्य लोकांत, माझं नाव म्हणे चार वेळा पुकारलं. पूर्ण नाव, मधल्या नावासकट. आणि आमच्या सामानाला लावतात त्या सोनेरी चिठ्ठीची करामत पाहा: ती लावलेली बॅग सगळ्यांच्या आधी उतरवतात असं काउंटरवर सांगितलं होतं, ते अक्षरशः खरं निघालं. माझी हत्यारांची पेटी विमान सुटण्याच्याही आधी उतरवून ठेवली होती. मी घाबरत कारखान्यात फोन केला. तिथल्या ऑपरेटरने सांगितलं की, सेन्सरवर धूळ होती, त्याने रुमालाने पुसली, मशीन चालू आहे, मी सावकाश आलो तरी चालेल आणि नाही आलो तरी चालेल. मी परत आत जाऊन सूप घेतलं.

असो. एकंदर अभ्यासाचा निष्कर्ष असा की, निळी योजना लांब जाणाऱ्यांची, पिवळी योजना आयत्यावर बसणाऱ्यांची आणि पट्टेवाली योजना कष्ट करणाऱ्यांची. पुन्हा कुणा नातलगाच्या लग्नाचा योग आला तर मी कार्ड आणीनच. जगला टेकवून ठेवायची गरज नाही, माझ्या खिशातूनही ते चमकतं. हिच्या येण्याची तुम्ही काहीही काळजी करू नये. सगळी व्यवस्था कार्डावर होते आहे. अक्कांना सांगा, गुडघ्याला घाबरू नका. सासऱ्यांना नमस्कार कळवा आणि जमल्यास या पत्राचा तिसरा परिच्छेद त्यांना मोठ्याने वाचून दाखवा.

आपला, आता तुमच्याच रांगेत ताठ मानेने उभा राहू शकणारा (आणि तरी मानेत कळ नसलेला),

धाकटा साडू

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली. काल मी हिचं तिकीट काढायला पट्टेवाल्या कंपनीला फोन केला. फोनवरच्या बाई फार सुशील होत्या. त्यांनी मला समजावून सांगितलं की, पॉइंट दोन जातींचे असतात, मानाचे आणि खर्चायचे. उड्डाणं मोजून मिळतात ते मानाचे. त्यांनी कार्ड मिळतं. तिकीट येतं ते खर्चायच्या पॉइंटांनी, आणि ते पुन्हा तिकिटाच्या अक्षरावर मिळतात. (तिकिटांच्या बाई आणि ते त्यांचं अक्षर!) हिच्या तिकिटाला नऊ हजार लागतात. माझ्या खात्यावर सहाशे बारा आहेत. मी म्हटलं, "बाई, मी सोनेरी आहे." त्या म्हणाल्या, "हो सर, म्हणूनच तर तुमचा फोन लगेच उचलला." नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, ही म्हण शाळेत फळ्यावर लिहिली होती तेव्हा मी मागच्या बाकावर बसून हसलो होतो. आता तुमच्याकडे पिवळ्या कंपनीचे खर्चायचे पॉइंट रग्गड असणार. त्यांतून अठरा तारखेच्या आतलं एक तिकीट हिच्या नावाने काढून पाठवाल का? मी स्वतः विकत काढलं असतं, पण बँकेचे मेसेज हिच्या फोनवर येतात, आणि मी शब्द दिला आहे तो पॉइंटांवर. मी कुणापाशी कधी काही मागत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. अक्कांकडे पाहून मागतो आहे. एवढं लिहायला मला सकाळपासून तीन कप चहा लागला.

ता. क. २. तिकीट पाठवलंत तर ते पिवळं दिसणार नाही असं पाहा. आणि अक्कांना यातलं काही सांगू नका, कारण अक्कांना सांगितलेलं मंगळवारी इकडे पोचतं.

ता. क. ३. वरच्या दोन्ही ता. क. रद्द समजाव्यात. हे पत्र पेटीत टाकायला मी हिच्याजवळ दिलं. हिने पाकीट हातात तोललं आणि म्हणाली, एवढं जाड पत्र कशाला पोस्टाने पाठवता, मी सोळा तारखेला जातेच आहे, मीच नेऊन देते. मी म्हटलं, कशी जाणार? तर हिने पर्समधून तिकीट काढलं. महिन्यापूर्वी काढलं आहे, स्वतःच्या पगारातून, सगळ्यात स्वस्त, शेवटच्या रांगेतलं. कार्ड आलं त्या दिवशीच हिने ड्रॉवरमधलं ते बारीक अक्षरांचं पत्रक वाचलं होतं. मी म्हटलं, मग मला तेव्हाच का नाही सांगितलंस? म्हणाली, तुम्ही इतके खुशीत होतात. साडूभाऊ, माझी बायको काय चीज आहे ते मला आत्ता कळतं आहे, आणि ते कुठल्याही रकान्यात मावत नाही. पाकीट मी उघडंच ठेवलं आहे. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. बाकी पत्र मात्र जसंच्या तसं कायम समजावं, विशेषतः तिसरा परिच्छेद.

भाऊजींना नमस्कार.

हे शेवटचं मी लिहिते आहे, विमानातून. अक्षर हलतं आहे, सांभाळून घ्या. पत्र वाचलं. वाचू नको असं कुणी सांगितलं नव्हतं, आणि पुढे इतका वेळ करायला दुसरं काही नाही.

यांनी मला तीन दिवस विमानतळाची शिकवणी दिली. जेवणाच्या टेबलावर मीठदाणी म्हणजे काउंटर, पाण्याचा पेला म्हणजे तपासणी, असं मांडून दाखवलं. आज सोडायला आले. काचेच्या दाराशी पहारेकऱ्याने यांना अडवलं, तिकीट नाही म्हणून. यांनी सोनेरी कार्ड काढून दाखवलं. त्या भल्या माणसाने ते दोन्ही बाजूंनी वाचलं, यांना कडक सलाम ठोकला आणि आत सोडलं नाही. मग हे बाहेर काचेला नाक लावून उभे राहिले आणि हातवारे करून मला डावीकडे जा, उजवीकडे जा असं सांगत राहिले. सगळं उलटं सांगत होते, कारण त्यांची डावी ती माझी उजवी. मी आपली पाट्या वाचत गेले. कुणी विचारलेलं मला कळलं नाही असं एकदाही झालं नाही. पट्टा लावता आला. कानात दडे बसले तेही गेले. एकटी आले मी, भाऊजी, आणि मला माझाच अभिमान वाटतो आहे, लिहायला लाज कसली.

खाली ढग आहेत. वरून ढग असे दिसतात हे मला माहीत नव्हतं. आता विमान थोडं वळलं आणि ऊन माझ्या मांडीवर आलं, या कागदावर आलं. हे वर्षात चाळीस वेळा उडाले, पण वर काय दिसतं ते घरी येऊन कधी सांगितलं नाही. मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाले, लक्षात नाही, खाली मशीन बंद असतं ना, त्याचाच विचार चालू असतो. कधी पहाटे चारला उठून जातात, परत आले की नखांतलं तेल निघत नाही. त्यांनी चाळीस उड्डाणं केली ती कार्डासाठी केली असं तुम्हाला वाटेल. तसं होतंही थोडं. पण दर वेळी घरी आल्यावर वहीत आकडा लिहून मला म्हणायचे, अक्का आणखी एवढी जवळ आली बघ. ते मी ऐकलेलं आहे, आणि तुम्हाला ठाऊक असावं म्हणून लिहिते.

तुमचे पॉइंट मला नकोत. काम दुसरं आहे. तुम्ही यांना फोन करा. कार्डाबद्दल सल्ला हवा आहे म्हणा, कुठली योजना चांगली ते समजावून सांगा म्हणा. तुमचीच चांगली आहे, मला माहीत आहे. तिन्ही कंपन्यांची पत्रकं मी दुकानात बसून वाचली आहेत. तरी तुम्ही विचारा. हे वही घेऊन येतील, मिळेल त्या गाडीने येतील, आणि दोन दिवस तुम्हाला समजावतील. तुम्ही ऐकून घ्या. अक्का ऑपरेशनच्या टेबलावर असेल तेव्हा बाहेरच्या बाकावर मी एका टोकाला नि तुम्ही दुसऱ्या टोकाला, असं मला बसायचं नाही. तिथे आम्हाला ते हवेत. तुम्हालाही लागतील, तुम्ही म्हणणार नाही पण लागतील.

तेरा महिने अक्का आणि मी मंगळवारी तुम्ही दोघं घरात नसताना बोलतो, तुम्हाला ठाऊक असतं तरी चोरासारख्या, वयाच्या पन्नाशीत. आता पुरे झालं. हे पत्र तुमच्या हातात देऊन मी अक्काजवळ आत जाऊन बसेन, फोन तुमच्या उजव्या हाताला टेबलावर असेल. यांचा नंबर तुम्हाला पाठ आहे, अक्काने सांगितलंय. पहिला फोन तुम्हीच करायचा, भाऊजी. त्या दिवशी हसला होतात तुम्ही.